लाल केसांचा परका माणूस: विली नेल्सनच्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम नेमका कोणता?

विली नेल्सन या टेक्ससच्या गायक-गीतकाराचा, मे १९७५ मध्ये कोलंबिया कंपनीनं काढलेला. पंधरा तुकडे, सगळे मिळून तेहतीस-चौतीस मिनिटं. काही तुकडे तर मिनिटभराचेही नाहीत. एका धर्मोपदेशकाची गोष्ट त्यात सलग सांगितली आहे. कंट्री संगीतातल्या थोर अल्बमांची यादी कुणीही केली तरी हा वरच्या पाच-सातांत असतोच.

‘कंट्री अँड वेस्टर्न’ म्हणजे काय? दोन्ही एकच ना?

आज एकच, मुळात दोन. ‘कंट्री’ म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ, शेतकरी वस्त्यांतलं फिडल-बॅंजोचं गाणं. त्याला पूर्वी ‘हिलबिली’ म्हणत, म्हणजे जवळजवळ ‘गावंढळ’. ‘वेस्टर्न’ म्हणजे गुराख्यांची, घोड्यांची, मोकळ्या माळांची गाणी आणि टेक्सस-ओक्लाहोमातलं नाचघरांतलं संगीत. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत-साप्ताहिकानं गाजणाऱ्या गाण्यांच्या आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे जोडनाव दिलं आणि ते रुळलं. पुढे ‘वेस्टर्न’ गळून पडलं, कारण कंट्री संगीताचा धंदा जिथे एकवटला होता त्या टेनेसीतल्या नॅशव्हिल शहराच्या स्टुडिओंत घोडे उरले नव्हते. या अल्बमात मात्र दोन्ही शब्द सार्थ आहेत: गाणी ‘कंट्री’, गोष्ट ‘वेस्टर्न’.

हा अल्बम करण्याआधी नेल्सन कोण होता?

दुसऱ्यांना गाणी पुरवणारा माणूस. जन्म १९३३ चा, टेक्ससमधल्या ॲबट या छोट्या गावातला. त्याला आणि थोरल्या बहिणीला, बॉबीला, आजी-आजोबांनी वाढवलं. ती पियानो वाजवायची, हा गिटार. दोघं गावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये गायची. नॅशव्हिलला गेल्यावर १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइननं त्याचं ‘क्रेझी’ गायलं आणि फॅरन यंगनं ‘हॅलो वॉल्स’. दोन्ही प्रचंड गाजली. पण स्वतः गायला लागला की गाडी अडायची. आरसीए कंपनीनं साठच्या दशकात त्याच्या अनेक रेकॉर्डी काढल्या, त्यांवर व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस चढवले. तेव्हा नॅशव्हिलची रीतच ती होती. आवाज मऊ करायचा म्हणजे शहरातला श्रोता बिचकणार नाही.

मग नॅशव्हिलजवळचं त्याचं घर जळालं. आगीतून त्यानं दोन गोष्टी वाचवल्या असं तो स्वतःच सांगतो: गिटार आणि गांजाची पिशवी. १९७२ मध्ये तो टेक्ससमधल्या ऑस्टिनला आला. तिथे लांब केसांची हिप्पी पोरं आणि काउबॉय टोपीवाले म्हातारे एकाच सभागृहात बसून त्याचं गाणं ऐकू लागले. ॲटलांटिक कंपनीसाठी त्यानं दोन चांगले अल्बम केले, पण त्या कंपनीनं नॅशव्हिलचा विभागच बंद केला. कोलंबियाशी करार करताना त्यानं एक अट घातली: काय गायचं, कसं गायचं, कुणाबरोबर गायचं, हे मी ठरवणार.

गोष्ट काय आहे?

साल १९०१. एका धर्मोपदेशकाची बायको जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते. आधी त्याला खरंच वाटत नाही, मग तो रडतो, मग त्याचं डोकं फिरतं. घोड्यावर बसून तो दोघांना शोधत निघतो, मोंटानातल्या ब्लू रॉक गावच्या गुत्त्यात ते सापडतात आणि तो दोघांनाही गोळ्या घालतो. पुढे काळ्या घोड्यावर तो स्वतः आणि बरोबर मेलेल्या बायकोचं तांबूस तट्टू, असा तो गावोगाव भटकतो. एका गावात सोनेरी केसांची एक बाई त्याच्या मागे येते आणि त्या तट्टाला हात लावते. तिलाही तो मारतो.

इथे रेकॉर्डची पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूला डेन्व्हर शहर, नाच, एक नवी बाई, आणि हळूहळू शांत होत जाणारं वय. शेवटच्या गाण्यात म्हातारा झालेला माणूस आहे आणि जवळ एक लहान मूल.

एवढ्या कथानकात मध्ये बऱ्याच जागा मोकळ्या आहेत. डेन्व्हरची बाई कोण, मूल कुणाचं, वर्षं किती गेली, काहीही सांगितलेलं नाही. ‘नीट कळली नाही’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकणं चुकलेलं नसतं, गोष्टच तशी आहे.

शीर्षकगीत नेल्सनचं नाहीच म्हणे?

नाही. ते १९५३ चं आहे. शब्द एडिथ लिंडमन यांचे, चाल कार्ल स्टट्झ यांची. लिंडमनबाई व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहीत असत. फोर्ट वर्थच्या रेडिओवर नेल्सन निवेदक होता तेव्हा हे गाणं लावायचा, आणि घरी आपल्या पोरांना झोपवताना म्हणायचा. झोपताना, हो. एका बाईचा खून असलेलं अंगाईगीत. आपल्याकडे बागुलबुवा असतो, त्यांच्याकडे हा.

पुढे कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्सहून ऑस्टिनला मोटारीनं परतताना नवा अल्बम काय करावा ही चर्चा निघाली. पत्नी कॉनीनं हे गाणं सुचवलं. त्यानं गाडीतच विचार सुरू केला: हा माणूस घोडा घेऊन भटकतो, ठीक, पण का भटकतो? गाण्याच्या आधी काय झालं असेल आणि नंतर काय झालं असेल? बाकीचा अल्बम म्हणजे या दोन प्रश्नांची उत्तरं.

पण मग निम्म्याहून अधिक गाणी दुसऱ्यांची असताना याला गायक-गीतकाराचा अल्बम कसं म्हणायचं?

हा खरा प्रश्न. मोजून पाहा. नेल्सनची स्वतःची रचना म्हणजे ‘टाइम ऑफ द प्रीचर’, ‘ब्लू रॉक मोंटाना’, ‘डेन्व्हर’ आणि शेवटचा शब्दांविना तुकडा ‘बँडेरा’. बाकी सगळं उसनं. ‘आय कुडन्ट बिलीव्ह इट वॉज ट्रू’ हे एडी आर्नल्डचं चाळीसच्या दशकातलं गाणं. ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ फ्रेड रोझचं, तेही त्याच दशकातलं. ‘रिमेंबर मी’ स्कॉटी वाइजमनचं. ‘कॅन आय स्लीप इन युवर आर्म्स’ हँक कॉक्रनचं. हा तोच कॉक्रन, ज्यानं नॅशव्हिलमध्ये नेल्सनला गाणी लिहिण्याची पहिली नोकरी मिळावी म्हणून स्वतःची आठवड्याची पन्नास डॉलरची पगारवाढ सोडली, अशी हकीकत सांगतात. एक प्रार्थनागीत एकोणिसाव्या शतकातलं. आणि ‘ओव्हर द वेव्ह्ज’ ही तर मेक्सिकोच्या हुव्हेंतीनो रोसासची १८८८ ची वॉल्ट्झ, जी जगभर सर्कशीच्या तंबूत वाजून वाजून घासली गेली आहे.

मला याचं उत्तर कीर्तनात सापडतं. बुवा आख्यान लावतात तेव्हा तुकोबांचा अभंग घेतात, मोरोपंतांची आर्या घेतात, मध्येच एखादी साकी, एखादं पद. त्यातलं त्यांचं स्वतःचं असं किती? तरी त्या रात्रीचं आख्यान त्यांचंच असतं, कारण कुठल्या प्रसंगाला काय म्हणायचं आणि कुठे गप्प बसायचं हे त्यांनी ठरवलेलं असतं. नेल्सननं नेमकं हेच केलं. ‘टाइम ऑफ द प्रीचर’चा तुकडा तर ध्रुवपदासारखा पुन्हा पुन्हा येतो, भरकटलेली कथा प्रत्येक वेळी त्यावर येऊन टेकते.

सगळ्यात मोठी करामत ‘ब्लू आइज’च्या जागेची आहे. सुटं ऐकलं तर ते साधं विरहगीत: पावसात निरोप, निळे डोळे, आता वरच भेट. रेडिओवर लाखो लोकांनी ते तसंच ऐकलं. अल्बमात मात्र ते खुनांच्या लगेच नंतर येतं. आता हे कोण गातंय? ज्यानं तिला मारलं, तोच. एक शब्द न बदलता, केवळ आधीच्या गाण्यामुळे, त्या सोज्वळ ओळींचा अर्थ थरकाप उडवणारा होतो. फ्रेड रोझच्या डोक्यात हे असणं शक्य नव्हतं. ही भर नेल्सनची, आणि माझ्या लेखी ती गाणं लिहिण्याइतकीच मोठी आहे.

तसंच पहिल्या बाजूच्या शेवटाचं. ‘जस्ट ॲज आय ॲम’ हे चर्चमध्ये सभेच्या अखेरीस पापी माणसाला पुढे बोलावताना म्हणतात: जसा आहेस तसा ये. इथे शब्द गाळले आहेत, नुसती चाल वाजते. खुनी झालेला धर्मोपदेशक ते शब्द तोंडानं म्हणणार तरी कसा?

कंपनीला अल्बम आवडला नव्हता हे खरं का?

खरं आहे. डॅलसजवळच्या गार्लंडमध्ये ऑटम साउंड नावाच्या नव्या स्टुडिओत जानेवारी १९७५ मध्ये ध्वनिमुद्रण झालं. ध्वनितंत्रज्ञ होता फिल यॉर्क. काही दिवसांत काम आटोपलं, खर्च सुमारे ४००० डॉलर. कोलंबियातल्या लोकांना टेप ऐकून वाटलं, हा कच्चा नमुना आहे, खरी रेकॉर्ड अजून व्हायची आहे. नॅशव्हिलचा नामांकित निर्माता बिली शेरिल यानं तर हे दिवाणखान्यात बसून केलंय का, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. न्यूयॉर्कला कंपनीचे ब्रूस लंडवॉल यांच्यासमोर बैठक झाली तेव्हा नेल्सनचा मित्र वेलन जेनिंग्ज हजर होता. तो स्वतः दुसऱ्या कंपनीचा गायक! लंडवॉलनी वाद्यं वाढवण्याची भाषा काढताच जेनिंग्जचा पारा चढला आणि त्यानं लंडवॉलना तोंडावर कानानं ठार बहिरा ठरवलं. पुढे अल्बमनं खपाची ‘गोल्ड’ मजल गाठली तेव्हा लंडवॉलनी ती सोनेरी तबकडी जेनिंग्जला पाठवली आणि चिठ्ठीवर स्वतःचा उल्लेख त्याच शिवीनं केला, असा किस्सा आहे.

करारातली अट पक्की होती, म्हणून अल्बम जसाच्या तसा बाहेर आला.

इतका रिकामा का वाटतो? वाद्यं कोणती आहेत?

पहिल्यांदा मी हा मोबाइलच्या स्पीकरवर लावला आणि तिसऱ्या गाण्यात बंद केला. काही वाजतच नाहीये, असं वाटलं. वर्षभरानं रात्री हेडफोन लावून ऐकला तेव्हा कळलं की वाजतंय, पण थोडं.

नेल्सनची नायलॉन तारांची गिटार, बॉबीचा पियानो, जोडी पेनची गिटार आणि मँडोलिन, बी स्पिअर्सचा बास, मिकी राफाएलची हार्मोनिका, पॉल इंग्लिशचा ड्रम, शिवाय बकी मेडोजची गिटार. ही त्याची रोजची, गावोगाव फिरणारी मंडळी. स्टुडिओचे भाडोत्री वादक नव्हेत. व्हायोलिनांचा ताफा नाही, कोरस नाही, आणि कंट्री म्हटलं की जी हमखास आठवते ती घसरत जाणारी स्टील गिटारही नाही. यातली सगळी मंडळी एकाच वेळी क्वचितच वाजवतात. ड्रम बऱ्याच ठिकाणी असून नसल्यासारखा. हार्मोनिका एखादी ओळ म्हणून निघून जाते.

याचं कारण मला गोष्टीतच दिसतं. माणूस एकटा घोड्यावर चाललाय, मैलोगणती कुणी नाही. त्याच्यामागे चाळीस व्हायोलिनं वाजली तर ती कुठून आली असा प्रश्न पडेल. शिवाय गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज पुढे हवा. एखादा शब्द संपल्यावर गिटारचा एक सूर विझत जातो आणि पुढची ओळ सुरू व्हायला जरा वेळ लागतो. त्या वेळात तुम्ही विचार करता: आता हा काय करणार?

बॉबीच्या पियानोकडे मुद्दाम लक्ष द्या. डेन्व्हरनंतर लागोपाठ येणारे दोन शब्दांविना तुकडे तिचे आहेत. गुत्त्यात कोपऱ्यातला पियानो वाजतोय आणि लोक नाचताहेत, हे एक शब्द न उच्चारता सांगून होतं. बॉबी २०२२ मध्ये गेली. तोवर, जवळजवळ पन्नास वर्षं, ती भावाच्या बँडमध्ये होती.

त्या भोक पडलेल्या गिटारची काय गोष्ट?

तिचं नाव ट्रिगर. मार्टिन कंपनीची एन-२०, मुळात शास्त्रीय पद्धतीची गिटार. नेल्सनची आधीची गिटार १९६९ मध्ये एका दारुड्याच्या पायाखाली मोडली. नॅशव्हिलच्या शॉट जॅक्सननं सांगितलं, ही दुरुस्त व्हायची नाही, पण माझ्याकडे एक मार्टिन आहे. नेल्सननं न पाहता ७५० डॉलरला घेतली आणि जुन्या गिटारमधला पिकअप (तारांचा आवाज विजेवर पुढे पोचवणारा भाग) हिच्यात बसवून घेतला. नाव रॉय रॉजर्स या पडद्यावरच्या काउबॉयच्या घोड्याचं. अशा गिटारी बोटांनी वाजवायच्या असतात, त्यामुळे लाकूड झिजू नये म्हणून लावतात ती पट्टी तिच्यावर नसते. हा पठ्ठ्या पिकनं, म्हणजे तार छेडायच्या चिपेनं, वाजवतो. मग घासून घासून भोक पडलं. सूर थोडा घुमट, थोडा खरखरीत, आणि कधी अगदी स्पॅनिश वाटतो. नेल्सनचा आवडता वादक जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्ट, हेही जागोजागी ऐकू येतं.

तो तालाच्या मागे गातो. चुकतो का?

नाही. ओळ ठेक्यावर सुरू करायचीच नाही, जरा रेंगाळायचं, कधी घाई करून पुढे जायचं आणि समेला मात्र बरोबर येऊन मिळायचं, ही त्याची खोड आहे. नॅशव्हिलचे निर्माते यावरच वैतागत. ठुमरीत बोल सैल सोडून गाणारे आपण ऐकलेले असतात, त्यामुळे मराठी कानाला हे खरं तर सोपं जायला हवं. आवाज नाकातला आहे, हे मान्य. दुसऱ्या ऐकण्यात त्याची सवय होते.

‘ब्लू आइज’ किती चाललं?

ऑक्टोबर १९७५ मध्ये कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर. बेचाळीस वर्षांचा, दुसऱ्यांना गाजणारी गाणी लिहून देणारा नेल्सन गायक म्हणून पहिल्यांदाच तिथे पोचला, आणि तेही तीसेक वर्षं जुनं, दुसऱ्याचं गाणं घेऊन. सर्वसाधारण यादीतही ते एकविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. गायनासाठी त्याला ग्रॅमी मिळालं. अल्बम कंट्री यादीत पहिला आला, पुढे दुहेरी प्लॅटिनम (म्हणजे वीस लाख प्रतींचा) ठरला, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला. चार हजार डॉलरांत.

बायकांना मारून मोकळा सुटणारा नायक. याचं काय करायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना ‘काळच तसा होता’ असं सांगून गप्प करू नये. शीर्षकगीतात स्पष्ट म्हटलं आहे की घोडा चोरू पाहणाऱ्या बाईला मारलं म्हणून कुणाला फाशी देता येत नाही. ऐकताना ती ओळ टोचते. ते लिहिणारी एक बाई होती, हेही लक्षात ठेवावं, पण त्यानं टोचणं कमी होत नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडमधून अमेरिकेत गेलेल्या पोवाड्यासारख्या लांब गाण्यांत खुनांची एक जुनी परंपरा आहे. मरणारी बहुधा बाईच. हा अल्बम त्याच वंशातला. नेल्सन त्या माणसाची तरफदारी करत नाही, पण शिक्षाही देत नाही. गावकरी सांगतात, त्याच्या वाटेला जाऊ नका, तो दुःखात आहे. म्हणजे त्याच्या दुःखाची काळजी सगळ्यांना, मेलेल्या दोघींचं मात्र नावही नाही. दुसऱ्या बाजूची शांतता त्यानं कमावली की त्याला फुकट मिळाली, यावर माझं मन अजून ठरलेलं नाही. अल्बम मी तरीही काढून ऐकतो.

‘आउटलॉ’ चळवळ म्हणजे हीच का?

ढोबळमानानं. नेल्सन, जेनिंग्ज आणि मंडळींनी नॅशव्हिलच्या निर्मात्यांच्या हातून कारभार आपल्याकडे घेतला, त्याला व्यापाऱ्यांनी दिलेलं हे नाव. १९७६ मध्ये त्याच नावाचा एक संकलित अल्बम आला आणि प्लॅटिनम ठरलेला पहिला कंट्री अल्बम झाला. बंडखोरीतली खरी मागणी मात्र फार रुक्ष होती: माझा बँड मला स्टुडिओत नेऊ द्या.

यावर सिनेमा आहे का?

आहे, १९८६ चा. दिग्दर्शक विल्यम विटलिफ, धर्मोपदेशक स्वतः नेल्सन. फारसा पाहण्याजोगा नाही. अल्बमनं मोकळ्या सोडलेल्या जागा तो भरत बसतो. त्यासाठी ऑस्टिनजवळ उभारलेलं लाकडी गाव मात्र अजून नेल्सनच्या जमिनीवर आहे. त्याचं नाव ‘लक’.

कोणती आवृत्ती ऐकावी?

२००० साली आलेल्या सीडीत चार जादा तुकडे आहेत, त्यात एक बाखचं मिन्युएट आहे. ऐकायला छान, पण गोष्ट ‘बँडेरा’वर संपते; पहिल्या वेळी तिथे थांबा. आणि शफल बंद करा. मोबाइलवर गाणी उलटसुलट लागली तर माणूस आधी म्हातारा होतो आणि मग खून करतो.

इंग्रजी गाण्यांचे शब्द कळत नाहीत. तरी ऐकावा का?

ऐकावा. नेल्सन शब्द सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखे टाकतो; रॉकपेक्षा कितीतरी सोपे जातात. वर दिलेली गोष्ट डोक्यात ठेवली तर पुरे.

आवडला तर पुढे काय?

एक पाऊल मागे या: ‘फेजेस अँड स्टेजेस’, १९७४. एका घटस्फोटाची गोष्ट. पहिल्या बाजूला बायकोच्या तोंडून, दुसऱ्या बाजूला नवऱ्याच्या. इथे बाईला बोलू दिलं आहे, आणि गाणीही बहुतेक त्याची स्वतःची आहेत. मग १९७८ चा ‘स्टारडस्ट’, पुन्हा सगळी जुनी, दुसऱ्यांची गाणी. तेव्हाही कंपनीला वाटलं होतं की हे चालणार नाही.